निवृत्तीने बिल्ड केलेली पत्रिका

म्हसवडात निवृत्ती नावाचा एक भोळा प्रोग्रॅमर राहत होता. भोळा हा शब्द गावाचा. घरचे दुसरा शब्द वापरायचे. अण्णा खटावकरांच्या छापखान्यात तो लग्नपत्रिकांचा जावा प्रोग्रॅम सांभाळायचा, कारण तो अण्णांचा सख्खा भाचा होता. दुसरं कारण अजून कुणाला सापडलेलं नाही.

अण्णांची लेक वैजयंता. तिची तीन स्थळं मोडली होती, चौथं कसंबसं जमलं होतं. अण्णांनी निवृत्तीला बजावलं, "तिच्या पत्रिकेत काना-मात्रा जरी चुकली ना, तर व्याही लग्न मोडतील आणि मी तुला."

"कळलं, मामा."

पत्रिका बनवायची तर प्रोग्रॅमला सहा नावं एका दमात, ठरल्या क्रमानं द्यावी लागत. सोमवारी एका गिऱ्हाइकाच्या पत्रिकेत निवृत्तीनं क्रम चुकवला. कॉम्प्युटरला काय, नाव ते नाव. मुलाचे वडील, पैलवान दत्ताजीराव, 'चि. सौ. कां.' होऊन छापले गेले.

शेजारच्या टेबलावरच्या केतकीताईंनी कपाळाला हात लावला. "निवृत्ती, पत्रिकेच्या क्लासच्या, म्हणजे साच्याच्या, पोटात एक स्टॅटिक क्लास लिही. नाव बिल्डर. स्टॅटिक म्हणजे, पत्रिका अजून जन्माला आली नसली तरी हा कामाला लागतो. त्याला एकेक गोष्ट नाव घेऊन सांगायची. वधू ही. वर हा. सगळं सांगून झालं की शेवटी बिल्ड म्हणायचं. मग पत्रिका तयार."

"कळलं, ताई."

आणि खरंच लिहिला की त्यानं! मग चहा सांगायला टपरीवर गेला. "दूध म्हशीचं. साखर दोन चमचे. आलं किसून. बिल्ड." टपरीवाल्यानं त्याला गार पाणी पाजलं आणि परत पाठवलं.

अण्णा खेकसले, "अरे, जे सांगितलं नाही ते नेहमीचंच समजायचं! सगळं बोलून दाखवायचं नसतं."

"कळलं, मामा."

मंगळवारी कै. ज्ञानोबा शेटे यांच्या तेराव्याचं कार्ड आलं. प्रोग्रॅममध्ये मयताला रकाना नव्हता, म्हणून निवृत्तीनं नाव वराच्या रकान्यात बसवलं. खालच्या ओळीचं कुणी काही सांगितलं नव्हतं. म्हणजे नेहमीचीच. तेराव्याच्या कार्डावर छापून आलं, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!'

केतकीताई म्हणाल्या, "बिल्डमध्येच तपासणी घाल. वराचं नाव रिकामं असेल तर पत्रिका बनूच देऊ नकोस. आणि एकदा बनली की तिला हात लावायचा नाही. आतलं सगळं फायनल."

"कळलं, ताई."

बुधवारी माठ कलंडला आणि पाणी पत्रिकांच्या गठ्ठ्याकडे निघालं. निवृत्ती हाताची घडी घालून बघत राहिला. बनलेल्या पत्रिका होत्या त्या. अण्णांनी फडक्यासाठी बोंब मारली, तेव्हा हा बाजारातून कोरं फडकं घेऊन अर्ध्या तासानं उगवला.

"दर वेळी नवीन कशाला रे? हाताशी आहे तेच वापरावं माणसानं!"

"कळलं, मामा."

हे ऐकून केतकीताईंनी दुसऱ्या दिवसाची रजा टाकली.

गुरुवारी वैजयंताची पत्रिका. अण्णांनी स्वतः मजकूर सांगितला. चार वर्षं ते या दिवसाची वाट बघत होते. "वराच्या नावाला तेवढं थांब. भालचंद्र लिहायचं की भालचंद्रराव, ते व्याह्यांना विचारून कळवतो."

ते बाहेर पडले. निवृत्ती नवा बिल्डर घेणार होता, पण दर वेळी नवीन कशाला? मंगळवारचा हाताशी होता, तेव्हा सांगितलेलं सगळं पोटात धरून. वधू सांगितली. मुहूर्त सांगितला. वर कुणी सांगितला नव्हता, म्हणजे नेहमीचाच. बिल्ड म्हणाला. तपासणीनं वराचा रकाना पाहिला. भरलेला होता. आठशे प्रती निघाल्या.

थोड्या वेळानं अण्णांचा फोन आला, "भालचंद्रराव लिही."

"कळलं, मामा," निवृत्ती म्हणाला. पण पत्रिका तर बनली होती. त्यानं हात लावला नाही.

गठ्ठा व्याह्यांच्या देवापुढेच फोडायचा, असं अण्णांनी ठरवलं होतं. शुक्रवारी तो फुटला. व्याह्यांनी चष्मा चढवला आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं वाचलं, "चि. सौ. कां. वैजयंता आणि चि. कै. ज्ञानोबा शेटे..."

"मग मी कोण?" भालचंद्ररावांनी विचारलं.

अण्णांनी तिथूनच फोन लावला. "गाढवा, वर कोण घातलास? बदल आत्ताच्या आत्ता!"

"आता नाही जमणार, मामा," निवृत्ती समजावणीच्या सुरात म्हणाला. "बिल्ड झालंय. वर फायनल आहे."