टाचेखालचा तीळ

एक होती मुंगी. तिचं नाव मिरी.

नलूमावशी ओट्याशी तीळ भाजत होती. चट चट, चट चट. एक तीळ उडाला. टुण्णकन खाली पडला. मिरीने तो उचलला. बिळात धाकटी भावंडं भुकेली होती. मिरी घाईने निघाली.

तेवढ्यात मावशी मागे सरकली. धप्प! तीळ गेला टाचेखाली.

मिरीने ओढला. निघेना. पुन्हा ओढला. निघेना.

मिरी म्हणाली, "टाचेताई, टाचेताई, जरा ऊठ ना. माझा तीळ मिळेना."

टाच आतून बोलली, "मी हाड आहे जाड. अख्खी मावशी माझ्यावर उभी. मी एकटी कशी उठू? नडगी उठेल, मग मी उठेन."

तुरुतुरु तुरुतुरु. मिरी पायावर चढली. पुढे होती नडगी. लांब, सरळ.

"नडगीबाई, नडगीबाई, जरा ऊठ ना. टाच उठेना, माझा तीळ मिळेना."

नडगी म्हणाली, "मी हाड आहे लांब. मी एकटी कशी उठू? गुडघा वाकेल, मग मी उठेन."

तुरुतुरु तुरुतुरु. आला गुडघा. वर वाटी, गोल गोल.

"गुडघेभाऊ, गुडघेभाऊ, जरा वाक ना. नडगी उठेना, टाच उठेना, माझा तीळ मिळेना."

गुडघा म्हणाला, "मी दाराची बिजागरी. मी एकटा कसा वाकू? मांडी उठेल, मग मी वाकेन."

तुरुतुरु तुरुतुरु. आलं मांडीचं हाड. सगळ्या हाडांत मोठं.

"मांडीमावशी, मांडीमावशी, जरा ऊठ ना. गुडघा वाकेना, नडगी उठेना, टाच उठेना, माझा तीळ मिळेना."

मांडी म्हणाली, "माझं डोकं गोल. ते कंबरेच्या खळगीत बसलंय. मी एकटी कशी उठू? कंबर सरकेल, मग मी उठेन."

तुरुतुरु तुरुतुरु. आली कंबर. रुंद, पसरट.

"कंबरकाकी, कंबरकाकी, जरा सरक ना. मांडी उठेना, गुडघा वाकेना, नडगी उठेना, टाच उठेना, माझा तीळ मिळेना."

कंबर म्हणाली, "सगळं धड माझ्यावर. मी एकटी कशी सरकू? कणा वाकेल, मग मी सरकेन."

तुरुतुरु तुरुतुरु. आला पाठीचा कणा. मणक्यावर मणका, मणक्यावर मणका.

"कणादादा, कणादादा, जरा वाक ना. कंबर सरकेना, मांडी उठेना, गुडघा वाकेना, नडगी उठेना, टाच उठेना, माझा तीळ मिळेना."

कणा म्हणाला, "माझ्यामुळे मावशी ताठ. मी एकटा कसा वाकू? कवटी झुकेल, मग मी वाकेन."

मिरी दमली. बाजूला होत्या बरगड्या.

"बरगड्यांनो, तुम्ही तरी काही करा ना!"

"आमच्या पिंजऱ्यात काळीज आहे," बरगड्या म्हणाल्या. "धक धक, धक धक. आम्ही त्याची राखण करतो. तू वर जा."

तुरुतुरु तुरुतुरु. पाठ गेली. मान गेली. आली कवटी. टणक टणक.

"कवटीआजी, कवटीआजी, जरा झुक ना. कणा वाकेना, कंबर सरकेना, मांडी उठेना, गुडघा वाकेना, नडगी उठेना, टाच उठेना, माझा तीळ मिळेना."

कवटी म्हणाली, "माझ्या पोटात मेंदू. त्याला कळेल, मग मी झुकेन. कानातलं हाड हलेल, मग त्याला कळेल."

मिरी कानाच्या काठावर आली. आत काळोख होता. मिरीला भीती वाटली. पण ती थांबली नाही. तिने आत तोंड करून हाक मारली.

आत खोल खोल एक हाड होतं. सगळ्या हाडांत लहान. तिळाएवढं.

"हाडुल्या, हाडुल्या, जरा हल ना!"

हाडुल्या म्हणाला, "हलतो की! तू बोललीस की मी हलतो. बोल, जोरात बोल!"

मिरीने श्वास घेतला. मिरी ओरडली, "कवटी झुकेना, कणा वाकेना, कंबर सरकेना, मांडी उठेना, गुडघा वाकेना, नडगी उठेना, टाच उठेना, माझा तीळ मिळेना!"

थर्रर्र! हाडुल्या हलला. मेंदूला कळलं.

"अगं बाई!" मावशी म्हणाली. "माझ्या टाचेखाली तीळ?"

मग कवटी झुकली. कणा वाकला, कट कट कट. कंबर सरकली. मांडी उठली. गुडघा वाकला, कट्ट! नडगी उठली. टाच उठली.

खाली होता तीळ!

मिरी निघाली. सर सर सर सर. मान, पाठ, कंबर, पाय.

मावशीने ओटा धरला. ती डुलत होती. इकडे, तिकडे.

"लवकर घे गं बाई! एका पायावर किती उभी राहू?"

"घेतला, मावशी, घेतला!"

धप्प! टाच टेकली. मिरी तोवर दूर गेली होती.

बिळात भावंडांनी तीळ खाल्ला. कुरुम कुरुम. एक घास याला, एक घास त्याला.

शेवटचा घास मिरीचा. तो तिने सावकाश खाल्ला.