फळीचा सन्मान

त्या राज्यात झाडं उदंड होती, पण फळी एकच होती. करवत चालवणं तिथल्या कुठल्याच जनावराला येत नव्हतं. कुठल्याशा पुरात वाहून आलेली ती लांबलचक फळी प्रजेने ओढ्यावर आडवी टाकली होती आणि तिच्यावरून अख्खं रान ये-जा करत होतं. अलीकडे चारा, पलीकडे बिळं. पायांनी झिजून फळीच्या मधोमध खळगा पडला होता.

त्या राज्याची एक रीत होती. दरबारात सन्मानाला गेलेली वस्तू कुणी परत मागायची नाही. मागितली तर सगळ्या जमातीची लाज जाते म्हणे. असली रीत कुणी घातली देव जाणे. ज्याने घातली, त्याला कधी ओढा ओलांडावा लागला नसणार.

एके सकाळी कारभारी रानकोंबडा तुरा उभारून ओढ्यावर आला. "महाराजांनी फळीला सन्मानाला बोलावलंय," तो म्हणाला. "दुपारपर्यंत परत येईल." झालं! सगळ्यांना कोण आनंद! साळिंदराने स्वतः पुढे होऊन फळीच्या टोकांवरचे दगड काढले आणि मूर्खांनी आपला पूल आपल्याच खांद्यावरून वाजतगाजत दरबारात नेऊन दिला.

सशीण तेव्हा अलीकडे चरत होती. तिची कालपरवाची पिल्लं पलीकडच्या बिळात होती. ओढ्याला ओढ अशी की, पोहायचं म्हटलं तर ती स्वतःच वाहून गेली असती.

दुपार टळली तरी फळी आली नाही, तेव्हा सशीण दरबारात गेली. फळीवर राजा गवा ऐसपैस बसला होता.

"कारभारीसाहेब, फळी हवी होती. पोरं उपाशी आहेत माझी."

"फळी?" रानकोंबड्याने इकडेतिकडे पाहिलं. "इथे कुठली आली फळी? हे सिंहासन आहे."

राजा उठेपर्यंत ती थांबली. तो उठला, तशी फळी दगडांवर ठेवून तिच्यावर फराळ मांडला गेला. सशिणीने पुन्हा विचारलं. "हे मेज आहे," रानकोंबडा दाणे टिपता टिपता म्हणाला, "डोळे फुटले का तुझे?" फराळ उरकला, ती पुढे सरकली, तर राजा फळीवर चढून भाषणाला उभा राहिला. आता ते व्यासपीठ झालं होतं. आणि भाषण कशावर? प्रजेच्या सोयींवर! आग लागो त्या जिभेला. सगळे टाळ्या पिटत होते, साळिंदरही.

सशिणीची छाती दुधाने ठणकत होती. तिने साळिंदराला गाठलं. "साळिंदरदादा, तुम्ही तरी बोला. दगड तुम्हीच काढलेत ना?"

"अगं, सन्मानाला गेलेली वस्तू परत कशी मागायची? जमातीची लाज जाईल."

"माझी पोरं जातील! मग ती लाज घेऊन काय चाटत बसायचं?"



संध्याकाळी मिरवणूक ओढ्याकडे निघाली. पुढे ढोल, मागे फळी! सशीण सगळ्यांच्या आधी धावत काठावर पोहोचली. फळी रंगवलेली होती, तिच्यावर मोठाली अक्षरं काढलेली होती. रानकोंबड्याने अगदी पाण्याच्या कडेला खड्डा खणवला आणि फळी त्यात उभी रोवली. मग मोठ्याने वाचून दाखवलं, "प्रजेचा पूल. महाराजांच्या कृपेने."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबला तेव्हा पलीकडच्या बिळातून पिल्लांचं चिरकणं ऐकू आलं. पार मलूल झालं होतं ते.

"बाजूला हो गं," रानकोंबडा सशिणीवर खेकसला. "अक्षरं झाकतेस."

सशीण हलली नाही. खाली बसून ती फळीच्या बुडाची माती दोन्ही पंजांनी उकरायला लागली. नखं रक्ताळली तरी थांबली नाही. साळिंदराने एकदा रानकोंबड्याकडे पाहिलं, एकदा पलीकडे, आणि येऊन तिच्या शेजारी तोही उकरायला बसला. फळी डुगडुगली. मग अक्षरांसकट हळूहळू ओढ्यावर, पलीकडच्या काठाकडे कलू लागली.

"धरा त्यांना!" रानकोंबडा घसा फोडून ओरडला. "पूल पाडताहेत!"