शपथेचा माळ

फार फार जुन्या काळी, जेव्हा राजांची नावं कोणी लिहून ठेवत नसे पण माळांना आणि ओढ्यांना मात्र नावं असत, तेव्हा एका माळाच्या दोन बाजूंना दोन राज्यं होती. एक उगवतीचं, एक मावळतीचं. उगवतीला जोंधळा पिके, मावळतीला बाजरी. भाकरी दोघांचीही गोलच होती. पण भांडायचंच म्हटलं, की माणसाला पिठाचा रंगही पुरतो.

आताच्या राजांच्या आजोबांच्या काळात दोघांचं मोठं युद्ध झालं. इतकी माणसं पडली, की दोन्हीकडे मेलेल्यांना खांदा द्यायलाही म्हातारेच उरले. तेव्हा दोन्ही राजांनी मधल्या माळावर उभं राहून शपथ घेतली : आजपासून या माळावर कोणी पाऊल टाकायचं नाही. ना शिपायानं, ना गुराख्यानं, ना नांगरानं. जो टाकील त्याची मान जाईल. माळाच्या दोन्ही कडांना उभे दगड रोवले गेले आणि लोक त्याला शपथेचा माळ म्हणू लागले.

शपथ चांगलीच होती, हे आधी सांगून टाकतो. चाळीस वर्षं कोणी कोणाला मारलं नाही.

उगवतीच्या बाजूला, दगडांच्या ओळीजवळ एक टेकाड होतं. त्यावर राज्याचा नगारा होता आणि नगाऱ्यामागे बयाजी नगारची. टोळधाड आली की आधी बयाजीचा नगारा वाजे. मग गावोगावचे लोक थाळ्या, पराती, तांबे, जे हाताला लागेल ते बडवत शिवारात धावत. बांधांवर ओला पाला पेटवून धूर करत. त्या गदारोळानं टोळांचा ढग उठे आणि माळावरून मावळतीकडे जाई. लोक नाचत. राजा बयाजीला दरबारात बोलावून दरवर्षी एक शेला देई आणि म्हणे, "आमचा टोळहाक्या!"

असे तीस शेले बयाजीच्या घरात दांडीवर टांगलेले होते. पाहुणा आला की बयाजी पाणी विचारायच्या आधी शेले दाखवी.

एकच गोष्ट त्याला खुपे. माळाच्या पलीकडेही एक नगारा होता. बयाजीनं टोळ हाकलले, की थोड्या दिवसांनी तोही दणाणे. कधी कधी तर बयाजीपेक्षा जोरात. बयाजीला वाटे, कोण हा राकट गडी? मिशा नक्कीच मोठ्या असणार.

त्या साली टोळ तीनदा आले. पहिल्या खेपेला त्यांनी पाला खाल्ला, दुसऱ्या खेपेला जोंधळ्याची अर्धी ताटं खाल्ली, आणि तिसऱ्या खेपेला उरलेला, ऐन हुरड्यात आलेला जोंधळा एका दुपारी फस्त केला. बयाजीनं हात सुजेपर्यंत नगारा वाजवला. टोळ गेले खरे, पण खाऊन गेले.

दरबार भरला. सेनापती उठून म्हणाला, "महाराज, टोळ दर खेपेला मावळतीकडूनच येतात. आपण हाकललेले टोळ ते लोक मुद्दाम पोसतात, दुप्पट करतात आणि आपल्यावर सोडतात. हे टोळ नव्हेत, त्यांचं सैन्य आहे."

पोटात भूक असली की अशी गोष्ट लवकर पटते. राजालाही पटली. शपथ तर मावळतीनंच मोडली, असं म्हणून आठ दिवसांनी सकाळी सैन्यानं माळ ओलांडायचा, असं ठरलं. रणनगारा बयाजीनं वाजवायचा.

बयाजी मान हलवून घरी आला, पण त्या दिवशी त्याला भाकरी गेली नाही. त्याचा एकुलता मुलगा खंडू सैन्यात भालाईत होता आणि त्याची जागा पहिल्या रांगेत होती. बापाची टिपरी नगाऱ्यावर पडली की मुलगा भाल्यांवर धावत जाणार. बयाजीला भीती वाटली, आणि आपल्याला भीती वाटते याची लाजही वाटली.

चौथ्या दिवशी सकाळी तो नगाऱ्याचं कातडं उन्हात तापवायला टेकाडावर गेला. खाली दगडांच्या ओळीकडे पाहतो तो काय, वाळू हलत होती.

तो खाली उतरला. वाळू नव्हती ती. काळीपिवळी, बोटाच्या पेराएवढी असंख्य पिल्लं माळावरून टुणटुण उड्या मारत दगडांमधून उगवतीच्या शिवारात शिरत होती. बयाजीनं एक चिमटीत धरलं. टोळाचंच पिल्लू. पण त्याला पंख नव्हते.

बयाजी तिथंच उकिडवा बसला. पंख नाहीत, तर हे मावळतीहून उडत आलं कसं?

त्यानं वर पाहिलं. माळापलीकडे, मावळतीच्या दगडांजवळ, कोणीतरी अगदी तसंच उकिडवं बसलं होतं आणि तळहातावर काहीतरी निरखत होतं. मग ती आकृती उठली. हातात खुरपं आणि पाटी. तिनं एकदा इकडे तिकडे पाहिलं आणि दगडांच्या आत पाऊल टाकलं.

चाळीस वर्षांत असं कोणी केलं नव्हतं. पण मग बयाजीला खंडू आठवला, आणि त्यानंही पाऊल टाकलं.

माळाच्या मधोमध दोघं भेटले. समोर एक म्हातारी होती, काटकुळी, कासोटा मारलेली.

"राम राम, बाई. कोण तुमी?"

"म्हाळसा. पल्याडचा नगारा माझाच."

"तुमचा?" बयाजी बघतच राहिला. "म्हंजी वाजवतं कोण?"

"मीच. मालक गेले, त्याला इस वर्सं झाली. तुमाला काय वाटलं, नगारा मिशांनी वाजवत्यात?"

बयाजीनं नकळत स्वतःच्या मिशीवरून हात फिरवला आणि विषय बदलला. म्हाळसाबाईनं तेवढ्यात खुरप्यानं वाळू उकरली होती. वीतभर खाली भाताच्या दाण्यांसारखी पिवळट अंडी होती, पुंजकेच्या पुंजके. जरा बाजूला उकरलं, तिथंही तीच. जिथं खुरपं घालावं तिथं अंडी.

"बघा दादा," म्हातारी म्हणाली. "तुमी हाकलता, मी हाकलते. मधी दमल्याले टोळ बसणार कुठं? हितंच. ह्या माळावर कुनी नांगर घालत न्हाई, गुरं चारत न्हाई, पाखरांना बसायला झाड न्हाई. बाळंतपणाला लेकी म्हायेरी येत्यात, तशा टोळांच्या माद्या हितं येत्यात. आपुन दोघांनी मिळून त्यांचं म्हायेर थाटलंय."

बयाजीला हसू आलं, आणि त्याच क्षणी घरातले तीस शेले आठवले. तीस वर्षं आपण काय केलं, ते त्याला आता कळत होतं.

"आमचं सैन्य चार दिसांनी येणार हाय, आक्का," तो हळूच म्हणाला.

"आमचंबी," म्हाळसाबाई म्हणाली. "आमचा राजा म्हनतो, उगवतीवाले टोळ पाळत्यात."

दोघांनी तिथंच ठरवलं. दोघांनी आपापल्या राजाकडे जायचं, खरं ते सांगायचं, माळ नांगरू द्या म्हणायचं आणि मान जाते की राहते ते पाहायचं. राजा कबूल झाला, तर परवा सकाळी सूर्य उगवताना नगाऱ्यावर वरातीचा ठेका वाजवायचा. नाही झाला, तर नगारा मुका राहील. मग ज्यानं त्यानं समजून जायचं.

दुसऱ्या दिवशी बयाजी दरबारात आला. एका हातात फडक्यानं झाकलेली पाटी, पाठीवर तीस शेल्यांचं गाठोडं. त्यानं गाठोडं राजापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे तू माळावर पाऊल टाकलंस?" राजानं विचारलं.

"टाकलं, महाराज."

सेनापतीचा हात तलवारीवर गेला. बयाजी म्हणाला, "मान कुठं पळून जात न्हाई, सरकार. आदी पाटी बघा."

फडकं काढताच पिल्लं दरबारभर उड्या मारू लागली. एक सेनापतीच्या पागोट्यावर जाऊन बसलं. पण पंखांनी उडालं मात्र एकही नाही.

राजानं एक पिल्लू हातात घेतलं. पुष्कळ वेळ तो त्याच्या पाठीकडे, जिथं पंख असायला हवे होते तिथं, पाहत राहिला.

बयाजी म्हणाला, "तीस वर्सं मी शेजाऱ्याच्या दारात केर लोटत आलो आन् तुमी मला शेले दिले. त्यो केर दर सालाला वाऱ्यानं परत आला, वाढून आला. हे शेले माझे न्हाईत, महाराज. परत घ्या." हे बोलताना त्याचा आवाज फुटला. म्हातारपणी आपलं नाव आपल्याच तोंडानं पुसायचं, हे काही सोपं नसतं.

"ते खरं असेल, तर शपथ त्यांनी मोडलेली नाही," राजा सावकाश म्हणाला. "माझ्या आजोबांनी ही शपथ रक्तानं विकत घेतली आहे. आज नांगर आत गेला, तर उद्या भाले जातील. मी शपथ कशी मोडू?"

राजाचं म्हणणं खोटं नव्हतं. बयाजीला मात्र माळावर एकमेकांसमोर बसलेली दोन म्हातारी माणसं आठवली.

"मोडू नका, महाराज. एक शब्द वाढवा. 'कोणी पाऊल टाकायचं नाही' अशी शपथ हाय. 'एकट्यानं कोणी पाऊल टाकायचं नाही' अशी करा. आपला एक नांगर उतरला की शेजारी त्यांचा एक. आपला मानूस तितं त्यांचा मानूस. एकटा गेला, तर त्याची मान खुशाल जाऊ दे."

राजा उठला आणि पाटीजवळ येऊन उभा राहिला. "पंख फुटायला किती दिवस?"

"ह्यांना धा-पंधरा. अंड्यातल्यांना म्हैना-दीड म्हैना."

"मग बोलणी करायला वकील पाठवून, पत्रं लिहून चालायचं नाही. तूच आमचा वकील. उद्या सकाळी वाजव तुझा ठेका." मग सेनापतीकडे वळून राजा म्हणाला, "पण सैन्यही उभं ठेवा. पलीकडून उत्तर आलं नाही, तर मला ठरलेल्या दिवसापर्यंत थांबता येणार नाही."

सकाळ झाली. टेकाडाखाली सैन्य उभं होतं, पहिल्या रांगेत खंडू. सैन्यामागे नांगर जुंपलेले शेतकरी उभे होते आणि आपण नेमके कशाला आलो आहोत, हे त्यांना कोणी धड सांगितलं नव्हतं. सूर्याची कोर दिसताच बयाजीनं वरातीचा ठेका धरला. वाजवून थांबला. कान दिला.

पलीकडे चिडीचूप.

त्यानं पुन्हा वाजवला. उत्तर नाही. दिवस कासराभर वर आला. सेनापती म्हणाला, "फसवलं म्हातारीनं. महाराज, रणनगाऱ्याचा हुकूम द्या." बयाजीनं खाली पाहिलं. खंडू त्याच्याकडेच बघत होता. बयाजीनं टिपऱ्या खाली ठेवल्या. त्यानं मनात म्हटलं, मी ही टिपरी आता मारणार नाही, मग काय व्हायचं ते होवो.

"बयाजी!" राजानं हाक मारली.

आणि तेवढ्यात माळापलीकडून आवाज आला. ढम् ढम ढढम्. वरातीचाच ठेका. जरा लंगडा, पण तोच.

मागोमाग पलीकडच्या दगडांजवळ बैलांची शिंगं दिसू लागली. एक जोडी, दोन, दहा, मग मोजता येईनात इतक्या. बयाजी टेकाडावरून धावत खाली आला तेव्हा त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

"एवढा उशीर, आक्का?" त्यानं माळावर पोचताच विचारलं.

"राजा लगेच कबूल झाला," म्हाळसाबाई म्हणाली. "बैलं कबूल हुईनात. ह्या माळावर पाय टाकायचा न्हाई, हे त्यांच्या बापजाद्यापासनं त्यांनाबी शिकवल्यालं."

त्या दिवसापासून उगवतीचा एक नांगर आणि शेजारी मावळतीचा एक, असे नांगर चालले. पहिल्या दिवशी कोणी कोणाशी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी नांगराचा फाळ मोडला आणि शेजाऱ्यानं आपला दिला. तिसऱ्या दिवशी बाजरीची भाकरी चांगली की जोंधळ्याची यावरून जोरदार भांडण झालं, तेव्हा सगळ्यांना जरा बरं वाटलं. वाळू उलटली तशी अंडी उन्हात वर आली. भोरड्यांचे आणि साळुंक्यांचे थवे नांगरामागून चालू लागले. उड्या मारत निघालेल्या पिल्लांसाठी दोन्ही सैन्यांनी लांबच लांब चर खणले. सेनापतीला चर खणण्याचा जन्माचा अनुभव होता. फक्त या खेपेला त्यात पडणारा शत्रू खरा होता.

सगळंच वाचलं असं नाही. जोंधळा तर आधीच गेला होता आणि त्या साली दोन्हीकडे लोकांनी कंदमुळांवर दिवस काढले. पण चौथी धाड आली नाही. पुढच्या साली कणसं भरली आणि दाणे घरी आले. माळाच्या दोन्ही कडांना बोरी-बाभळी लावल्या, म्हणजे पाखरांना बसायला जागा झाली. दरवर्षी मिळून माळ नांगरायचा, ही नवी शपथ झाली. खंडूनं भाला माळ्यावर टाकला आणि नांगराची मूठ धरली.

तीन वर्षांनी दक्षिणेच्या कोरड्या मुलखातून माणसं आली. तिथं टोळांनी उच्छाद मांडला होता आणि नांगराला बैल उरले नव्हते. "त्यांचे टोळ, त्यांनी बघावं," असं कोणीतरी दरबारात म्हणालं. राजानं त्या माणसापुढे बयाजीचं जुनं गाठोडं ठेवलं. त्याच आठवड्यात दोन्ही राज्यांचे बैल, नांगर आणि बी-बियाणं दक्षिणेला निघालं.

बयाजीला पुन्हा कधी शेला मिळाला नाही. उलट 'टोळहाक्या' हा शब्द त्या मुलखात शिवीसारखा वापरतात. कोणी आपल्या अंगणातलं सांडपाणी शेजाऱ्याकडे वळवू लागला, की म्हाताऱ्या बायका ओट्यावरून ओरडतात, "काय रे टोळहाक्या!" आणि तो मुकाट्यानं फावडं घेऊन चर बुजवतो. बयाजी होता तोवर हे ऐकून सगळ्यांत मोठ्यानं तोच हसायचा.

तात्पर्य : शेजाऱ्याच्या शिवारात लोटलेलं संकट पंख फुटून परत येतं, ते दोघांनी मिळून मुळातून उकरावं, तरच दोघांचीही कणसं भरतात.