पाणी रेघेच्या खाली आहे

दुपारी बरोबर सव्वातीन वाजता पाणी रेघेला टेकलं.

त्या राज्यात नदीकाठच्या काळ्या खडकावर गेरूची एक रेघ होती. पाणी तिला टेकलं की डोंगराची वाट उघडायची आणि आधी पिल्लांना वर न्यायचं, एवढा एक कायदा सगळ्यांना पाठ होता. रेघेच्या खाली कुणी बीळ करत नसे.

पण त्या दिवशी नव्या ओट्यावर राणीची सभा होती. राणी म्हणजे घोरपड. ओट्यासाठी बांधातले दगड काढले होते आणि मांडवासाठी नदीच्या वरच्या अंगाची झाडी तोडली होती. त्यामुळं पाणी आता पूर्वीसारखं हळूहळू चढत नसे, अंगावर येई. सभा मोडली तर सगळी प्रजा डोंगरावर जाणार, आणि तिथून उघडा पडलेला बांध सगळ्यांना दिसणार. राणीचे सल्लागार बगळे. पाणी वाढलं की त्यांना मासे काठावरच मिळत.

एक बगळा म्हणाला, "सरकार, ही रेघ जुन्या पावसाची आहे. पाऊस मोठा झाला, मग रेघ नको का मोठी व्हायला?"

राणीनं शेपूट गेरूत बुडवलं, सरसर खडकावर चढली आणि वर नवी रेघ ओढली. बेडकानं दवंडी दिली, "पाणी रेघेच्या खाली आहे!" टाळ्या झाल्या. कित्येकांना खरंच हायसं वाटलं.

चिचुंद्रीला वाटलं नाही. सकाळी तिचं बीळ रेघेच्या वर होतं, आता खाली होतं, आणि बीळ तर जागचं हललं नव्हतं. आत पाच पिल्लं होती. धाकट्याचे डोळे अजून उघडायचे होते.

शेजारच्या घुशीला ती म्हणाली, "काकू, माती गार लागतेय पोटाला. चला, पोरं घेऊन वर जाऊ."

"अगं बाई, टाळ्या ऐकल्या नाहीस का? एवढे सगळे काय वेडे आहेत?"

"मला धोक्याचा वास येतोय हो."

"तो तुझाच असेल!" घूस खो खो हसली. "अख्ख्या आळीला येतो, तुला आज कळला होय?"

तरी ती निघाली. चिचुंद्रीची पोरं एकमेकांना तोंडानं धरून चालतात. पहिलं आईला धरतं, दुसरं पहिल्याला, तिसरं दुसऱ्याला. अशी ती माळ डोंगराच्या वाटेशी आली. तिथं मुंगूस पहाऱ्यावर होता.

"दादा, वाट उघडा. लेकरं आहेत."

"पाणी रेघेला टेकलं का?"

"मघाशी टेकलं होतं की."

"मघाची रेघ रद्द झाली. टेकू दे, ताई, मग मीच उघडतो."

"तुमच्या पायाखाली तरी बघा, दादा. चिखल झालाय."

मुंगसानं मान वर करून खडकाकडं पाहिलं. तिथं राणी आणखी एक रेघ ओढत होती, आधीच्या रेघेच्या बरीच वर.

"बघ," तो म्हणाला, "उलट पाणी उतरलंय."

तो वरच बघत राहिला तेवढ्यात ती बाजूच्या निवडुंगात शिरली. काटे पोटाला लागत होते. मागं पाण्याचा आवाज येत होता, आधी लांबून, मग जवळून. तिला मागं वळता येईना. वळली तर माळ तुटली असती. ती नुसती ओढत राहिली.

निम्म्या चढावर निवडुंगाबाहेर एक सपाट दगड लागला. त्यावर चढून तिनं कडेनं खाली पाहिलं. खडक दिसत नव्हता. बगळे केव्हाच उडाले होते. पाण्यात उभ्या बाभळीवर राणी चढली होती आणि शेंड्याजवळ शेपटानं लाल रेघ ओढत होती. भोवती पाण्यावर नुसत्या माना दिसत होत्या, सगळ्या त्या रेघेकडं वळलेल्या. मुंगसाची होती, घुशीची होती. बेडूक पोहत पोहत दवंडी देत होता. टाळ्या आता पाण्याखाली वाजत असाव्यात, कारण वर बुडबुडे येत होते.

पिल्लं अजून निवडुंगात होती. पहिल्याचं तेवढं डोकं बाहेर आलं होतं.

"सोडू नको, असं मागच्याला सांग," ती त्याला म्हणाली. "आणि त्याला म्हणावं, तूही तुझ्या मागच्याला सांग."

त्याच्या तोंडात आईचे केस होते. त्यानं दातांतूनच हुंकार दिला, "हं." मग त्याच्या मागून आला, "हं." मग तिसरा, बारीक. मग बऱ्याच वेळानं चौथा.

खाली पाणी निवडुंगात शिरत होतं. तिनं पाचव्यासाठी कान टवकारले.

"मागच्याला सांग," ती पुन्हा म्हणाली.