महाराजांचा व्यत्यास

“फणस चोरणाऱ्याच्या हाताला चीक लागतो. झिलू कुंभाराच्या हाताला चीक आहे. म्हणजे माझ्या बागेतला फणस झिलूनेच चोरला! हाकला त्याला राज्याबाहेर!” महाराजांनी निकाल दिला.

मथूआत्या दरबारात मटकन खालीच बसल्या. झिलूच्या हाताला चीक आहे, ही खबर शिपायाला पुरवली होती त्यांनीच! कुंपणावरून शेजारी डोकावायचं आणि दिसेल ते पाणवठ्यावर पोचवायचं, हा त्यांचा रोजचा नेम. बिचारा झिलू त्या चिकाने फुटकी घागर सांधत होता, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं. मेली जीभच घाईची!

“महाराज, चीक लागला म्हणून चोर कसा?” आत्यांनी विचारलं.

“व्यत्यास!” महाराज ऐटीत म्हणाले. ते नुकतेच भूमिती शिकू लागले होते. “त्रिकोणाच्या दोन बाजू सारख्या, तर समोरचे कोन सारखे. आता वाक्य उलटं करा. दोन कोन सारखे, तर समोरच्या बाजू सारख्या. दोन्ही खरी! या उलट्या वाक्याला म्हणतात व्यत्यास. आणि माझं फर्मान आहे, या राज्यात प्रत्येक वाक्याचा व्यत्यास खरा!”

भूमिती शिकवणाऱ्या शास्त्रीबुवांनी कपाळाला हात लावला. पण फर्मानापुढे बोलणार कोण?

“पटत नाही? मग असं वाक्य सांगा, जे सुलट मी मानीन आणि उलट मी स्वतःच नाकारीन. झिलू सुटेल. नाही जमलं, तर तुम्हीही त्याच्याबरोबर चालू लागा!”

आत्यांचं शिक्षण बाराखडीपुरतं. बाकी सगळी विद्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची!

“चोर लोकांच्या घरात डोकावतो. खरं ना, महाराज?”

“खरं.”

“मग डोकावणारा तो चोर?”

“अलबत!”

“तर मला धरा! चाळीस वर्षं डोकावतेय. कुणाची आमटी कधी खारट झाली, तारखेसकट सांगते!”

“धरा यांना!”

“थांबा, माझा एक जोडीदार आहे. परवा महालाच्या गच्चीवरून दुर्बीण लावून माझे पापड कोण बघत होतं?”

महाराज चपापले. “तुम्हाला कसं कळलं?”

“मी तेव्हा तुमच्या गच्चीकडेच बघत होते ना!”

“अहो, पण म्हणून मी चोर?” महाराज उसळले. “डोकावणारा प्रत्येक जण काही चोर नसतो!”

“हेच, हेच! मग चीक लागलेला प्रत्येक जण तरी कसा असेल?”

मग महाराज असे खदखदून हसले, की मुकुट घरंगळून शास्त्रीबुवांच्या मांडीत पडला. फर्मान तिथेच फाडलं, झिलूला सोडलं, आणि दुर्बीण मागवून आत्यांच्या हाती दिली.

“घ्या, आत्याबाई! आता कुंपणावर चढून गुडघे तरी दुखायचे नाहीत!”