पेजेची वाटी

"ताई शेवटचं काय बोलली?"

हे मी सगळ्यांना विचारलं. कोण सांगणार? तिच्यापाशी मी एकटाच होतो. पेज भरवत होतो... आणि मन कबड्डीच्या मैदानावर. तिचे ओठ हलले. मी "हं" म्हटलं आणि पुढचा चमचा दिला. तो तिनं गिळलाच नाही.

दहाव्याला नदीवर इतकं धुकं होतं, की पलीकडचा काठ नव्हताच. कावळे फांदीवर बसून होते. पिंडाला एकही शिवेना.

"इच्छा राहिलीय पोरीची," किसनमामा म्हणाला. "काय मागितलं रे तिनं? तूच होतास ना? सांग, म्हणजे तसा शब्द देऊ. मग शिवेल."

मी उठलो आणि पळत सुटलो.

घाटाच्या वरच्या मठीत वेणूबाबा बसले होते. म्हातारे, हात सतत थरथरणारे. पुढ्यात पेजेची वाटी.

"बाबा, तुम्हाला मनातलं कळतं म्हणतात. ताई काय म्हणाली?"

"आधी भरव मला."

बसलो. एक चमचा. दुसरा.

"तिनं पाणी मागितलं असेल का? का आईचं नाव घेतलं? का मला शिवी दिली, बाबा?"

तिसरा चमचा.

बाबांचे ओठ हलले.

"हं," मी म्हटलं आणि चौथा उचलला...

हात तिथंच राहिला.

"बाबा... काय म्हणालात?"

"म्हणून झालं."

"परत सांगा ना!"

बाबांनी नुसतं तोंड उघडलं. जीभ लालबुंद झाली होती. पोळलेली.

मी चमच्यावर फुंकर मारली. त्यांच्या ओठांकडे बघत पुढं केला. घोट गळ्यातून खाली उतरताना दिसला. मग पुढचा चमचा. धुकं दारातून आत आलं होतं. नदी कुठंतरी लांब वाहत होती. वाटी संपेपर्यंत मी काहीच विचारलं नाही.

"चुलीवर अजून आहे," बाबा म्हणाले. "तिला ने."

मी वाटी भरून घाटावर आलो. बाबा काठी टेकत मागून आले.

"आता कावळ्याला पेज पाजतोस काय, येड्या?" मामा ओरडला.

मी वाटी पिंडाशेजारी ठेवली. कावळे जागचे हलले नाहीत.

"बाबा, शिवेल का?"

बाबांनी वाटीकडे बघितलं.

"वाफ आहे अजून."

मी गुडघे टेकले आणि वाटीवर हळूहळू फुंकर घालू लागलो.