बाबांचं विसण

“मग जाऊ ना बाबा, वरच्या गुहेत?” रत्नाकरनं विचारलं. “या भैरूसारख्यांत राहिलो तर विझून जाईन मी.”

रत्नाकर आणि पलीकडे चुलाणाशी जाळ फुंकत बसलेला भैरू, दोघांनी मठात एकाच दिवशी दीक्षा घेतलेली. दसऱ्याला कशावरून तरी वाजलं, आणि आता पौष आला तरी बोलणं नाही.

गैबीनाथबाबा पंचा नेसून न्हाणीच्या दगडावर बसले होते. अंगावर थंडीचा काटा.

“पूर्वी वेधशाळेत तू सूर्याचा वारा मोजायचास ना? तेवढं सांग. मग जा.”

रत्नाकर खुलला. “सूर्यातून बारीक कण सुटतात, बाबा. लाखलाख अंश तापलेले!”

“मग आपण भाजत कसे नाही?”

“फार विरळ. त्यांच्या उबेनं बोटसुद्धा शेकायचं नाही.”

“सगळे सारखेच तापट?”

“छे! जड कण हलक्यांहून कितीतरी तापलेले.” स्वतःला तो कुठल्या कणांत धरतो, हे त्याच्या मानेवरूनच कळत होतं.

“एकाच सूर्याची लेकरं ना?”

“एकाच.”

“वाटही एकच?”

“एकच. पण एकमेकांना भेटतच नाहीत म्हणा ना. वारा दाट असला की धडका बसतात... तिथं मात्र होतात हळूहळू सारखे.”

“असं...”

बाबांनी दोन्ही बाजूंच्या घागरींकडे पाहिलं.

त्यांच्या डाव्या हाताला भैरूची घागर, उकळत्या पाण्याची. उजव्या हाताला रत्नाकरची, विहिरीच्या गार पाण्याची. दसऱ्यापासून कुणी दुसऱ्याच्या घागरीला शिवत नव्हतं.

बाबांनी डावीत बोट घातलं, चटकन काढलं. उजवीत घातलं, कुडकुडले. मग रिकामं घंगाळ पुढ्यात ओढून रत्नाकरकडे बघत बसले.

बाबा इतके दिवस आंघोळ कशी करत असतील, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यानं भैरूची घागर उचलली, घंगाळात ओतली, वर आपल्या घागरीतले दोन-तीन तांबे गार पाणी घातलं.

“भैरू...” चुलाणाकडे न बघताच त्यानं हाक मारली. “विसण किती घालू रे?”

फुंकणी थांबली.

“हात घालून बघ की, शहाण्या! त्यात काय इचारायचं?”

मग भैरू स्वतःच उठून आला. घंगाळात हात बुडवून म्हणाला, “आजून एक तांब्या.”

रत्नाकरनं घातला.

बाबांनी पहिलं पाणी अंगावर घेतलं. डोळे मिटले. “अहाहा...”

“मग... निघू, बाबा?” रत्नाकरनं हळूच विचारलं.

“निघ की. पाठ तेवढी चोळ अन् निघ... रोज.”